डोळ्यांपुढे उभे राहणारे माप

तापीच्या आणि पूर्णेच्या वरच्या खोऱ्यात पावसाने जोर धरला, की हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याची आणि नदीच्या पात्रात अमुक हजार किंवा अमुक लाख क्युसेक पाणी सोडल्याची वार्ता जळगाव जिल्ह्यातल्या घराघरांत पोहोचते. काठावरच्या गावांना सावधगिरीचा इशारा मिळतो, तालुक्याच्या कचेरीतून हुकूम सुटतात, वर्तमानपत्रे तो आकडा ठळक टाइपात छापतात. आणि तरीही ज्यांच्या जीविताशी त्या आकड्याचा साक्षात संबंध आहे, त्यांतल्या बहुतेकांच्या मनश्चक्षूंपुढे त्याने कोणतेही चित्र उभे राहत नाही. वीस हजार क्युसेक आणि दोन लाख क्युसेक यांत दहापटीचे अंतर आहे हे गणिताने कळते. पण मनाला दोन्ही आकडे सारखेच मोठे आणि सारखेच पोकळ वाटतात. वास्तविक हे माप अत्यंत सुबोध आहे. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी आपल्या राहत्या घरातली एक खोली जमिनीपासून आढ्यापर्यंत पाण्याने भरली, तर त्यात एक हजार घनफूट पाणी मावते. तेव्हा एक लाख क्युसेक म्हणजे ‘एक’ हा आकडा स्पष्टपणे उच्चारायला जेवढा अवधी लागतो तेवढ्यात शंभर खोल्या भरतील एवढे पाणी, आणि पुढच्या उच्चाराबरोबर आणखी शंभर. एवढे सांगितले, की नदीकाठी गोठ्यात बांधलेली जनावरे सोडवून आणण्याची घाई अंगात आपोआप संचारते.

माझे प्रतिपादन असे, की वस्तूचा आकार मनात ज्या प्रमाणात उमटतो त्या प्रमाणातच ती वस्तू आपल्याला समजते. आपल्या हाताशी, पावलाशी आणि उंचीशी ज्या आकाराचे नाते जुळत नाही त्याची मनात प्रतिमा बनत नाही, आणि जिथे प्रतिमा नाही तिथे विवेकालाही बसायला जागा नाही. म्हणून मापाचे शिक्षण ही केवळ गणिताच्या तासापुरती बाब नसून ते लोकशिक्षणाचे एक मुख्य अंग आहे, आणि आपल्या शाळा, आपली सरकारी दप्तरे व आपली वर्तमानपत्रे या तिन्ही ठिकाणी त्याची उपेक्षा होत आहे.

मनातल्या प्रतिमेला आकार असतो, ही गोष्ट काही कवींनीच कल्पिलेली नाही. मानसशास्त्राने ती प्रयोगाच्या कसोटीवर घासून पाहिली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीफन कॉस्लिन यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना डोळे मिटून एक ससा कल्पायला सांगितले; मात्र काहींना तो हत्तीच्या शेजारी उभा असलेला कल्पायचा होता आणि काहींना माशीच्या शेजारी. मग त्या सशाच्या एखाद्या अवयवाविषयी विचारले असता, ज्यांच्या मनात तो हत्तीच्या पायाशी इवलासा होऊन उभा होता त्यांना उत्तर द्यायला अधिक वेळ लागला, आणि ज्यांच्या मनात तो माशीशेजारी भला मोठा दिसत होता त्यांना तो अवयव चटकन ‘दिसला’. ससा एकच, पण शेजाऱ्याच्या आकारामुळे त्याची मनातली प्रतिमा लहान-मोठी झाली, आणि लहान प्रतिमेतले तपशील प्रत्यक्ष डोळ्याला लांबचे बारीक अक्षर दिसावे तसे पुसट झाले. पुढे १९७८ मध्ये त्यांनी लोकांना कल्पनेनेच एखाद्या प्राण्याच्या दिशेने चालत जायला सांगितले; तो प्राणी मनाच्या चौकटीत मावेनासा होतो ती जागा त्यांनी सांगायची होती. मोठा प्राणी लांबूनच चौकट भरून टाकतो, लहान प्राण्याच्या अगदी निकट जाता येते, असे आढळले. म्हणजे मनाच्या दृष्टीलाही क्षेत्रमर्यादा आहे. फार लहान वस्तू तिला दिसत नाही आणि फार मोठी वस्तू तिच्यात मावत नाही. या प्रतिमा खरोखर चित्ररूप असतात की भाषेसारख्या वर्णनरूप, याविषयी झेनॉन पिलिशिन यांच्यासारख्या विद्वानांनी तीव्र आक्षेप घेतले आणि तो वाद पुष्कळ वर्षे चालला. परंतु कल्पिलेल्या आकाराचा आपल्या उत्तरांवर परिणाम होतो, हे निरीक्षण त्या वादातही आपल्या जागी उभेच राहिले.

प्रयोगशाळेतून निघालेल्या या निष्कर्षाचे व्यावहारिक मर्म आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी ज्याने पूर्णपणे ओळखले होते, त्या पुरुषाची स्मृती आमच्या खानदेशाच्या दगडात कोरलेली आहे. चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, सातमाळ्याच्या डोंगरकुशीत, पाटणादेवीच्या परिसरात जो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला, त्यात असे नमूद आहे, की भास्कराचार्यांचा नातू आणि यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला, आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्या मठाला इ.स. १२०७ मध्ये चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी दान दिले. लेखाचा आरंभीचा भाग संस्कृतात आहे. पण शेवटी, जिथे बाजारातल्या उत्पन्नाची प्रत्यक्ष वाटणी सांगायची वेळ येते, तिथे लेखकाने तत्कालीन मराठीचा अवलंब केला आहे. गावात जे मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे, आणि जेवढे तेलाचे घाणे चालतात त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला द्यावे, अशा आशयाच्या त्या ओळी आहेत. ज्या गणिती कुळाने ग्रहांच्या गती आणि योजनांची अंतरे हिशेबात धरली, त्या कुळाच्या मठाचे फर्मान तेल्याच्या हातातल्या पळीने बोलते, ही गोष्ट माझ्या मते त्या संपूर्ण शिलालेखातली सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट आहे. पळी कुणाला समजावून द्यावी लागत नाही; ती किती भरते हे हाताला ठाऊक असते; आणि म्हणूनच त्या हुकमाचा अर्थ घेणाऱ्याला व देणाऱ्याला सारखाच कळत होता.

हीच दृष्टी भास्कराचार्यांच्या इ.स. ११५० च्या ‘लीलावती’त आद्यंत दिसते. ग्रंथाच्या प्रारंभी ते मापांची जी परिभाषा देतात ती जवाच्या दाण्यापासून सुरू होते: आठ जव आडवे ठेवले म्हणजे एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात, चार हातांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक कोस आणि चार कोसांचे एक योजन. गुणाकार करून पाहिला तर एका योजनात ६१ लाख ४४ हजार जव बसतात. परंतु विद्यार्थ्याच्या अंगावर हा प्रचंड आकडा एकदम टाकलेला नाही. दाण्यावरून बोटावर, बोटावरून हातावर, हातावरून काठीवर, काठीवरून चालण्याच्या अंतरावर असे त्याला पायरीपायरीने नेले आहे, आणि प्रत्येक पायरीवर मनाला टेकायला शरीराचा एखादा अवयव किंवा शरीराची एखादी क्रिया दिलेली आहे. पुढची उदाहरणेही त्याच मापाची आहेत. सरोवरातल्या कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात वर आली आहे. वाऱ्याने ती हळूहळू कलत जाऊन दोन हातांवर पाण्यात बुडते. तर पाणी किती खोल? उत्तर येते पावणेचार हात. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे आणि खांबाच्या मुळाशी असलेल्या बिळाकडे सत्तावीस हातांवरून साप निघाला आहे. दोघांची गती सारखी असेल, तर मोर त्याला बिळापासून बारा हातांवर गाठतो. काटकोन त्रिकोणाचा सिद्धान्त शिकवायला योजनांच्या भुजा घेतल्या असत्या तरी गणित तेच राहिले असते. पण कमळ अर्धा हात, खांब नऊ हात आणि अंगण सत्तावीस हात ठेवल्यामुळे संपूर्ण आकृती मनाच्या चौकटीत नेमकी मावते, आणि विद्यार्थ्याला त्रिकोण दिसतो.

‘लीलावती’तला राशिव्यवहार तर शेतकऱ्याच्या खळ्यावरच लिहिल्यासारखा आहे. सपाट भुईवर धान्याची रास पडली असेल, तर तिची उंची काठीने मोजण्याची गरज नाही; तिच्या पायथ्याभोवती दोरी फिरवावी, आणि धान्य जाड असेल तर त्या परिघाचा दहावा भाग, बारीक असेल तर अकरावा आणि कुसळाचे असेल तर नववा भाग ही उंची समजावी; मग परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्याला उंचीने गुणावे, म्हणजे राशीचे घनफळ मिळते. साठ हात परिघाच्या जाड धान्याच्या राशीत या नियमाने सहाशे घनहात धान्य निघते. दोरीचे माप हाताला झेपणारे आहे, घनफळ मात्र डोळ्याला फसवणारे आहे. आणि जिथे डोळा फसतो तिथे हाताच्या मापाने त्याला आधार द्यायचा, हा त्या नियमाचा आत्मा आहे.

डोळा फसतो, हे विधान सोदाहरण समजून घ्यायचे असेल तर जळगावहून साठेक किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात जावे. तिथल्या भित्तिचित्रात बुद्ध भिक्षापात्र घेऊन आपल्याच घराच्या दारी आला आहे, आणि उंबऱ्याशी यशोधरा राहुलाला पुढे करून उभी आहे. बुद्धाची आकृती त्या दोघांच्या मानाने अतिशय विशाल आहे. कोणत्याही माणसाची पत्नी आणि पुत्र त्याच्यापुढे इतके लहान नसतात. तरीही पाहणाऱ्याला ती विसंगती खुपत नाही, कारण पाचव्या शतकातल्या त्या अनाम चित्रकाराने देहाची उंची न रंगवता त्या मातेच्या आणि मुलाच्या मनात तो पुरुष केवढा झाला होता ते रंगवले आहे. महत्त्व वाढले की प्रतिमा वाढते, हा मनाचा धर्म कलावंताने असा उपयोगात आणला. पण हाच धर्म व्यवहारात अनर्थ करतो. भीती, मान, लोभ आणि सवय यांनी मनातले आकार सतत फुगत किंवा आकसत असतात, आणि त्यांना ताळ्यावर आणणारे प्रत्यक्ष माप जवळ नसले, तर माणूस फुगलेल्या प्रतिमेलाच वस्तुस्थिती समजू लागतो.

आता आपल्या शाळांकडे वळू. तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात मुलाला आपल्या जिल्ह्याचा नकाशा प्रथम भेटतो आणि तो पान भरून असतो; पुढे महाराष्ट्राचा नकाशा येतो, तोही पान भरून; मग भारताचा, तोही तेवढ्याच पानात. जळगाव जिल्ह्याचे क्षेत्रफळ ११,७६५ चौरस किलोमीटर, महाराष्ट्राचे सुमारे ३ लाख ७ हजार ७०० चौरस किलोमीटर. म्हणजे जिल्हा राज्यात सव्वीस वेळा मावतो. पण लांबी-रुंदीत हे अंतर केवळ पाचपटीचे असल्यामुळे आणि दोन्ही नकाशे एकाच पानाच्या मापाने कापलेले असल्यामुळे, मुलाच्या मनात जिल्हा आणि राज्य ही दोन समान आकाराची चित्रे म्हणून शेजारी शेजारी बसतात. प्राण्यांच्या पाठात मुंगी आणि हत्ती एकाच चौकटीत एवढ्याच जागेत छापलेले असतात. टालिया कॉन्कल आणि ऑड ओलिव्हा या संशोधिकांनी २०११ मध्ये दाखवले, की लोकांना मनाने वस्तूंची चित्रे काढायला सांगितली तर मोठी म्हणून माहीत असलेली वस्तू कागदाचा अधिक भाग व्यापते आणि लहान वस्तू भोवती मोकळी जागा सोडून काढली जाते. म्हणजे वस्तूच्या आठवणीतच तिचे माप गुंफलेले असते. जी जाणीव मुलात अनुभवाने आपोआप रुजते, तिला आमची पाठ्यपुस्तके सारख्या चौकटींनी बोथट करतात. प्रत्येक चित्राशेजारी एक माणूस किंवा एक हात काढावा, राज्याच्या नकाशात जिल्हा आणि देशाच्या नकाशात राज्य रंगवून दाखवावे, एवढ्याने हा दोष बराचसा दूर होईल.

माप मनात पक्के बसले म्हणजे काय घडते, याचे एक उदाहरण देतो. गिरणा धरण नांदगाव तालुक्यात, म्हणजे नाशिक जिल्ह्यात असले तरी त्याच्या पाण्यावर जळगाव जिल्ह्याचा मोठा भाग अवलंबून आहे, आणि ते भरले किंवा रिकामे राहिले यावर आमच्या वर्षाचे सुखदुःख ठरते. त्याचा उपयुक्त साठा सुमारे साडेअठरा टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. वरच्या हिशेबाने दहा लाख खोल्या. तेव्हा भरलेले गिरणा धरण म्हणजे १ कोटी ८५ लाख खोल्या. येथे खोलीचे मापही थकते, आणि मनाची चौकट पुन्हा ओसंडते. मग माप बदलावे. हे सगळे पाणी जळगाव जिल्ह्याच्या संपूर्ण भूमीवर सारखे पसरले अशी कल्पना करावी. त्याची खोली किती होईल? साडेचार सेंटिमीटरच्या आत, म्हणजे दोन-अडीच बोटे. काठावर उभे राहिल्यावर जो जलाशय समुद्रासारखा भासतो, त्याची शक्ती संपूर्ण जिल्ह्याच्या तहानेपुढे दोन-अडीच बोटांची आहे. आणि जिल्हाभर एकदा पंचेचाळीस मिलिमीटर पाऊस सर्वत्र झाला, तर तेवढेच पाणी आकाशातून आपल्या शेतांवर उतरते. हे चित्र ज्याच्या मनात एकदा उमटले, त्याला बांधबंदिस्ती, नाल्यावरचा छोटा बंधारा आणि शेततळे यांचे महत्त्व व्याख्यान देऊन पटवावे लागत नाही.

धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी शतकानुशतके चालत आलेली फड पद्धती हेच सत्य वेगळ्या रीतीने सांगते. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि एका फडात एकच पीक. पाणी सोडणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या आणि सर्वांवर देखरेख ठेवणारा हवालदार हे गावानेच नेमलेले, आणि पाणी कमी पडले तर कोणता फड पडीक ठेवायचा हेही गावानेच ठरवायचे. ही व्यवस्था एवढा काळ टिकली याची कारणे अनेक आहेत; पण त्यांपैकी एक मला निर्विवाद वाटते, ते असे, की बंधाऱ्यात किती पाणी आहे आणि त्याने किती जमीन भिजेल हे प्रत्येक शेतकऱ्याला बांधावर उभे राहून दिसत होते. ज्या व्यवस्थेचे चित्र तिच्या सर्व भागीदारांच्या मनात सारखे असते, तिच्यात वाद झाले तरी ते मिटवता येतात.

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की सर्व ज्ञान चित्राच्या मापात बसवता येत नाही. अणू आणि आकाशगंगा यांना हाताचे माप कसे लावणार? आक्षेप रास्त आहे. जिथे चित्र थकते तिथे अंकाने आणि बीजाने पुढे जावे लागते; पण त्या उडीसाठी पायाखाली जी जमीन लागते ती चित्राचीच असते. शून्याने भागल्यावर येणारी ‘खहर’ राशी समजावताना खुद्द भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त प्रलयकाळी सर्व भूते अच्युतात विलीन झाली किंवा सृष्टिकाळी त्याच्यातून बाहेर पडली तरी तो जसा अविकृत राहतो, तशी ही राशी काही मिळवल्याने किंवा वजा केल्याने बदलत नाही, असे सांगितले. अनंतापाशी पोहोचल्यावरही त्यांनी शिष्याला रिकाम्या हाताने पाठवले नाही. दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८० मध्येच दाखवले होते, की मनातली चित्रे सर्वांना सारखी स्पष्ट दिसत नाहीत. आणि ज्यांना ती मुळीच दिसत नाहीत अशा लोकांच्या या अवस्थेला २०१५ मध्ये अ‍ॅडम झेमन यांनी ‘अफँटेशिया’ हे नाव दिले. असे लोक बुद्धीने कुठेही कमी नसतात. म्हणून ‘डोळे मिटा आणि कल्पना करा’ एवढे सांगून शिक्षकाचे कर्तव्य संपत नाही. माप पावलांनी चालून, दोरीने ताणून, हाताने उचलून दाखवावे, म्हणजे ज्याच्या मनात चित्र नाही त्याच्याही अंगात ते माप मुरेल.

जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्हा परिषदांकडे माझा अर्ज एवढाच आहे, की येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी प्रत्येक प्राथमिक शाळेच्या आवारात दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असा एक चौकोन चुन्याने आखून घ्यावा आणि तो दरवर्षी नव्याने आखला जावा. हा एक आर. आणि तेहतीस फुटी साखळीने मोजलेला आपला जुना गुंठा जवळजवळ तेवढाच. त्याच आवारात बांबूच्या काठ्यांची एक घनमीटरची चौकट उभी करावी आणि तिच्यात हजार लिटर पाणी मावते हे मुलांना सांगावे. पाटबंधारे खात्याने आणि तहसील कचेऱ्यांनी पुराचा इशारा देताना क्युसेकच्या आकड्याबरोबर सेकंदाला किती खोल्या पाणी, आणि आपल्या गावच्या घाटाच्या कितव्या पायरीपर्यंत ते चढण्याचा संभव आहे, हेही लिहावे. वर्तमानपत्रांनी कोटींचा किंवा टीएमसीचा आकडा छापताना त्याच्या शेजारी मनात मावेल असे एक तरी माप द्यावे. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही आणि नवीन कायदाही लागत नाही. ज्या मुलीने आराचा चौकोन रोज पावलांनी ओलांडला आहे, तिला उद्या सातबाऱ्यावरचा हेक्टर-आरचा रकाना दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणार नाही. मोजणीत जमीन कमी भरली तर ते तिला कचेरीत जाण्याआधी शेतातच कळेल, आणि कचेरीत गेल्यावर ती तलाठ्याच्या दप्तराविषयी नेमका प्रश्न विचारील. हिशेब मागण्याचे हे सामर्थ्य आमच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला मिळाले पाहिजे, आणि ते देण्याचे काम शाळेने तिसरीपासूनच सुरू केले पाहिजे.